दादाच्या कॉम्प्युटरचा ताप

धाकटीनं चाळिशी ओलांडली होती, तरी घरात ती धाकटीच होती. आणि दादाच्या तोंडी तर ती अजून ‘शॉर्टकट’च होती. हे नाव तिला शाळेत असताना पडलं. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बघायचं आणि मग त्याला शोभतील अशा पायऱ्या वर रचायच्या, केर काढला की तो सतरंजीखाली लोटायचा, अंथरुणाची घडी घालायच्या ऐवजी त्यावर चांगली चादर पसरून मोकळं व्हायचं. नाव पडायला एवढं भांडवल पुष्कळ होतं. पुढे ती सुधारली. इतकी की आता कुठलंही काम दोनदा तपासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण माणूस सुधारतं, नाव काही सुधारत नाही.

दादा दोन दिवसांसाठी आला होता. तो दुसऱ्या गावी विमा कंपनीत होता, चांगल्या हुद्द्यावर आणि चांगल्या सुटलेल्या पोटासह. रविवारची सकाळ होती. पुढच्या खोलीत धाकटी कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी समारंभाचं चित्रीकरण कापत-जोडत बसली होती. तेच तिचं पोटापाण्याचं काम. कॉम्प्युटर घेतला तेव्हाच कुणाचा तरी वापरून झालेला, आणि काम त्याच्या कुवतीपेक्षा मोठं. त्यामुळे त्याचा पंखा असा कोकलायचा की आतल्या खोलीतून आत्या विचारायची, “अगं, मिक्सर बंद करायचा राहिला का?”

“हा पंखा आहे की शिक्षा?” दादा कानांवर हात ठेवत म्हणाला. “आणि एवढं बोंबलून पळतो किती, तर गोगलगायीइतका. शॉर्टकट, याचा वेग वाढवू या आपण. आणि थंड ठेवायला आतून पाणी खेळवू या. तेव्हा खेळवलं होतं तसं!”

धाकटीचा माउसवरचा हात थांबला. दादाचा चेहरा असा उजळलेला तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ती काही बोलायच्या आत त्यानं शिडी लावलीसुद्धा. माळ्यावरून धुळीनं माखलेलं खोकं काखेत मारून, शिंका देत, पोट सांभाळत तो खाली उतरला, तेव्हा तिला हसू फुटलं. फार बरं वाटलं तिला. आणि मग खोक्यावरची धूळ झटकता झटकता तो सहज म्हणाला, “या वेळी पाणी मात्र मी आणीन हं.”

तो हसला. तीही हसली. पण ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. आरोप असता तर ती भांडली असती. तेवीस-चोवीस वर्षांत त्या आरोपाची चेष्टा झाली होती, आणि चेष्टेला उत्तर द्यायला गेलं की माणूसच खुळं ठरतं.

तेव्हा, म्हणजे ती नुकतीच कॉलेजात गेली होती आणि दादाचं कॉलेज संपत आलं होतं. आई लवकर गेलेली, वडील फिरतीच्या नोकरीवर, घर सगळं आत्याच्या हाती. आत्या वडिलांची थोरली बहीण. दोघांच्या गोवर-कांजिण्या, पडशी-खोकले तिनेच काढलेले. कुणाचं अंग जरा कोमट लागलं की आत्या वाटी आणि फडकं घेऊन उशाशी ठाण मांडायची, आणि कपाळावर घड्या ठेवत ताप उतरेपर्यंत तिथून हलायची नाही. औषधं देणारा डॉक्टर वेगळा असे, पण ताप उतरला की त्याचं श्रेय आत्या त्याला कधी देत नसे.

दादाला ॲनिमेशन शिकायचं होतं. ज्या संस्थेत शिकायचं तिथे जागा मोजक्या, आणि अर्जाबरोबर स्वतः केलेली छोटी फिल्म द्यावी लागे. दादानं गोष्ट रचली होती ती अशी: रस्त्यावरचा एक दिवा असतो. त्याच्या उजेडात सगळ्यांच्या सावल्या पडतात, त्याची स्वतःची तेवढी पडत नाही. म्हणून एके दिवशी तो खांबावरून खाली उतरतो आणि आपली सावली शोधायला निघतो. धाकटीला ती गोष्ट इतकी आवडायची की येता-जाता रस्त्यातल्या दिव्यांना ती “बसा हो, दमला असाल” असं म्हणायची.

गोष्ट चांगली होती, कॉम्प्युटर मात्र म्हातारा होता. दादा पात्रं, रस्ते, हालचाली मांडून द्यायचा. मग त्यात छाया-प्रकाश भरून एकेक चित्र पक्कं करायचं काम कॉम्प्युटरकडे. त्याला रेंडर म्हणायचे. दर सेकंदाला किती तरी चित्रं लागतात, आणि एकेक चित्र करताना कॉम्प्युटर इतका वेळ घ्यायचा की मधल्या काळात आत्याची भाजी निवडून, चिरून, शिजून व्हायची. या वेगानं अर्जाची मुदत टळणार हे उघड दिसत होतं. म्हणून दादानं त्याला ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कंपनीनं नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पिटाळलं. पिटाळलं तसा तो तापला, आणि तापला तसा पटकन बंद पडला. चार वेळा असं झाल्यावर दादा डोकं धरून बसला.

पाण्यानं थंड करायचे तयार संच तेव्हा मिळत असत, पण ते त्यांच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा दोघं भावंडं वस्तू गोळा करायला गावभर हिंडली. धाकटीला आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस कुठले असं कुणी विचारलं असतं, तर तिनं तेच सांगितले असते. भंगारवाल्याकडे गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर मिळाला. “गाडी कुठली?” त्यानं विचारलं. “गाडी नाही, कॉम्प्युटर आहे,” दादा म्हणाला, तसा भंगारवाला “बरं बरं” म्हणत दोन पावलं मागे सरकला. पाणी फिरवायला पंप हवा होता, तो शोभेचे मासे विकणाऱ्याकडून आणला. त्यानं पंपाबरोबर नवशिक्यानं कुठले मासे पाळावेत हेही ऐकवलं, आणि ते ऐकून घ्यावं लागलं. नळी औषधांच्या दुकानात मिळाली.

“पेशंट कोण आहे?” दुकानदारानं नळी मोजता मोजता विचारलं.

“कॉम्प्युटर,” दादा म्हणाला.

“वय?” दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

धाकटी दुकानाबाहेर येऊन पायरीवर बसली ती पोट धरूनच.

प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा दादानं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये केला. आतून आडवी-उभी भोकं पाडली, म्हणजे एका बाजूनं शिरलेलं पाणी तांब्यातून वळसे घेत, उष्णता उचलत दुसऱ्या बाजूनं बाहेर पडावं. नळ्या अडकवायला त्या ठोकळ्यावर दोन तोट्या हव्या होत्या. पितळी तोट्या कातून घ्यायला वेळ लागणार होता. दादा गच्चीवर गेला आणि टीव्हीच्या मोडक्या अँटेनाचे ॲल्युमिनियमचे दोन तुकडे कापून घेऊन आला.

“हा शॉर्टकट नव्हे का?” धाकटीनं विचारलं.

“याला जुगाड म्हणतात,” दादा म्हणाला. “शॉर्टकट तू मारतेस.”

आत्याची बिस्किटांची बरणी टाकी म्हणून कामी आली. राहता राहिलं पाणी. नळाचं पाणी चालणार नव्हतं. त्यात क्षार असतात, ते आत साचतात, धातू खातात. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी हवं. बॅटरीवाल्याचं दुकान पुलापलीकडे होतं. “पाणी तू आण,” दादा म्हणाला, आणि ती निघाली. भर दुपारी, उन्हात, दोन बाटल्या दोन हातांत धरून ती पूल चढली आणि उतरली. पहिल्यांदाच कुणी तिच्यावर एवढ्या जोखमीचं काम सोपवलं होतं. वाटेत सार्वजनिक नळ लागला, तिथे ती नुसतं पाणी प्यायला थांबली. हे तिला पुढे वर्षानुवर्षं, दिवसातून कधीही, आठवत राहायचं होतं.

सांध्यांखाली वर्तमानपत्रं पसरून त्यांनी आधी नुसतंच पाणी फिरवून पाहिलं. दोन ठिपके पडले. क्लिपा आवळल्या. मग कागद कोरडा राहिला, आणि दादानं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा असे. तो वर चढला, थबकला, आणि चक्क खाली आला. दादानं धाकटीला उचलून गरागरा फिरवलं. आत्या दारात उभी होती. तिला काही कळलं नव्हतं, पण पोरं हसतायत म्हटल्यावर तीही हसत होती.

दिवसा दोघं कॉलेजात, म्हणून राखणीचं काम आत्याकडे आलं. दादानं तिला कॉम्प्युटरसमोर बसवून शिकवलं. “आत्या, हा कोपऱ्यातला आकडा आहे ना, तो याचा ताप. साठपर्यंत ठीक.”

“साठ?” आत्या घाबरली. “अरे, माणसाचा अठ्ठ्याण्णव असतो! साठ म्हणजे गारठला की रे बिचारा!”

“याचं माप वेगळं असतं गं. साठ चालतो. सत्तरच्या वर गेला की ताप चढला समजायचं, आणि बरणीत थोडं पाणी घालायचं. कळलं?”

“ताप चढला की पाणी. हे मला तू शिकवणार होय? तुमचे दोघांचे कुणी उतरवले?” आत्या म्हणाली आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या उशाशी बसली.

दिवस चांगले चालले होते. दिवा खांबावरून उतरला, गल्ल्या ओलांडून गेला, नदीवर आला. संध्याकाळी घरी आलं की तिघं मिळून नवी चित्रं बघायची. “आज जरा कणकण होती दुपारी,” आत्या सांगायची, “पण उतरला.” शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता.

आणि मग एका दुपारी धाकटी घरी आली तो खोलीत जळका वास. कॉम्प्युटरचा पडदा काळा, टेबलाच्या कडेवरून टपटप पाणी. आत्या घरात नव्हती. त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. पाणी गळून सर्किटवर पडलं होतं, आणि जाताना ते हार्ड डिस्कही घेऊन गेलं होतं. एवढ्या मोठ्या फिल्मची दुसरी प्रत ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. सगळ्यावर पाणी फिरलं असं लोक बोलता बोलता म्हणतात. त्यांच्या घरात ते टेबलावर साचलेलं होतं.

दादानं ठोकळा सोडवला. ॲल्युमिनियमच्या तोट्यांची चाळण झाली होती, आणि त्यांवर पांढरा, खरखरीत थर चढला होता.

“क्षार आहेत हे,” तो म्हणाला. “नळाच्या पाण्याचे.”

“मी बॅटरीवाल्याकडूनच आणलं होतं रे,” धाकटी म्हणाली.

“ऊन होतं. पूल चढायचा होता. वाटेत नळ होता.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “शॉर्टकट मारलास ना?”

“नाही रे दादा! शपथ!”

“जाऊ दे,” तो म्हणाला.

ते ‘जाऊ दे’ फार वाईट होतं. तो ओरडला असता, दोन दिवस बोलला नसता, तर बरं झालं असतं. पण त्यानं तिला माफ करून टाकलं, न केलेल्या गोष्टीबद्दल. दुसऱ्या दिवशी ती बॅटरीवाल्याकडे गेली आणि तुमचं पाणी खरंच शुद्ध असतं का, असं विचारून त्याच्या चार शिव्या खाऊन आली. दादानं अर्ज केलाच नाही. ॲनिमेशनवर त्यानं पाणी सोडलं, वर्षभरात विमा कंपनीत लागला, तिथे त्याचं छान चाललं. पण त्यानं पुन्हा कधी चित्र काढलं नाही. फोनवर बोलताना माणसं कागदावर उगाच रेघोट्या मारतात, त्यासुद्धा त्यानं मारल्या नाहीत. बहिणीवर त्याची माया होती तशीच राहिली, आणि हेच धाकटीला सोसत नसे. कधी कधी तर तिला स्वतःचाच संशय येई: त्या नळावर मी पाणी प्यायले, की भरलंही? इतक्या वेळा तो रस्ता मनातल्या मनात चालल्यावर कुणाचाही पाय घसरावा.

आता दादानं खोकं उघडलं. सगळं होतं तसं होतं. रेडिएटर, बरणी, तांब्याचा ठोकळा, आणि ठोकळ्याला अजून चिकटलेल्या त्या दोन तोट्या. दादानं त्या पकडीनं उपटल्या आणि वर्तमानपत्रावर, खिडकीत ठेवल्या. पांढरा थर उन्हात स्पष्ट दिसत होता. धाकटीनं तिकडे पाठ करून बसायचं ठरवलं.

दादा या वेळी पितळी तोट्या घेऊन आला, नवा पंप आणला, आणि म्हटल्याप्रमाणे स्कूटरवरून पुलापलीकडे जाऊन पाणीही आणलं. ठोकळ्याची स्क्रूची भोकं या कॉम्प्युटरच्या भोकांशी जुळेनात, म्हणून त्यानं लोखंडी पट्टी कापून मधे घातली. हात सगळं विसरले असतील असं धाकटीला वाटलं होतं, पण नव्हते विसरले. त्यानं हात पुढे करावा आणि तिनं न विचारता त्यात पान्हा ठेवावा. तिनं नळी गरम पाण्यात बुडवून मऊ करावी आणि त्यानं ती तोटीवर चढवावी. तो शीळ वाजवत होता. वर्तमानपत्र पसरून पाणी फिरवून पाहिलं, आणि कागद पहिल्या फटक्यात कोरडा राहिला तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली. तिला वाटलं, ती दुपार आलीच नव्हती आणि आपण अजून तिच्या अलीकडे आहोत.

“दादा,” तिनं विचारलं, “तो दिवा शेवटी काय करायचा रे? तो तुकडा मी बघितलाच नाही.”

“कुठला दिवा?” तो म्हणाला. मग क्लिप आवळता आवळता थांबला. “त्याला सावली सापडायची. तो दमून एका दुसऱ्या दिव्याखाली टेकतो ना, तेव्हा पडते. स्वतःच्या उजेडात नाही पडत, दुसऱ्याच्या पडते.”

एवढी गोड गोष्ट माझ्यामुळे गेली असं हा समजतो, असं तिच्या मनात आलं, आणि मनातलं सगळं हसू विझलं.

जेवणं झाल्यावर दादानं वेग वाढवला आणि बटण दाबलं. पंखा गप्प होता. नुसती पंपाची गुणगुण. तिनं चित्रीकरणाचं मोठं काम त्याला लावून दिलं. कोपऱ्यातला आकडा चढू लागला. पन्नास, साठ, मग साठच्याही पुढे.

“थांबेल,” दादा म्हणाला.

आकडा सत्तरला टेकला.

“दादा, थांबत नाहीये रे!”

“कुठेतरी हवा अडकली असेल नळीत.” तो टेबलाखाली वाकला. “ताप चढतोय म्हणजे पाणी नीट फिरत नाहीये. थांब, बघू दे.”

‘ताप चढतोय’ हे शब्द आतल्या खोलीत गेले. काठीची टकटक आली. आत्या आता फार थकली होती, पण असल्या हाकेला तिचे पाय अजून धावत. तिच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी. ती टेबलाशी आली, काठी खुर्चीला टेकवली, कुणी काही म्हणायच्या आत बरणीचं झाकण उघडलं आणि वाटी तिच्यात उपडी केली.

“आत्या!” धाकटी किंचाळली. “काय घातलंस?”

“मिठाचं पाणी.” आत्याला त्या किंचाळण्याचं नवल वाटलं. “तापात आणखी काय घालतात?”

टेबलाखालचा दादा तसाच वाकून राहिला.

“हे असं तू... आधी कधी घातलं होतंस?” धाकटीनं विचारलं.

“म्हणजे काय! दादाच्या त्या पहिल्या कॉम्प्युटरला रोज दुपारी कोण घालायचं? दादानंच सांगून ठेवलं होतं, ताप चढला की पाणी. तुम्ही ते बाटलीतलं ठेवलं होतंत, पण त्या बेचव पाण्यानं कुठे ताप उतरतो होय? मीठ हवं त्यात. तुमच्या कपाळावर घड्या ठेवल्या त्या काय नुसत्या पाण्याच्या?” आत्यानं पडद्याकडे बोट केलं. “बघ. उतरायला लागला.”

आणि खरोखरच आकडा उतरत होता. झाकण उघडल्यावर नळीतली अडकलेली हवा बुडबुड करत निघून गेली होती. अडुसष्ट, पासष्ट. आत्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि मग ते हळूहळू मावळलं.

“त्या दिवशी मी मेली त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नसते, तर तोही वाचला असता,” ती म्हणाली. “ताप चढला असणार आणि जवळ कुणी नाही. कुणाला बोलले नाही मी, पण मनाला खात आलंय बघ ते. पोराची एवढी फिल्म गेली.”

दादा टेबलाखालून बाहेर आला. धाकटीच्या तोंडाशी सगळं आलं होतं. इतकी वर्षं पाठ करून ठेवलेलं, नाण्यासारखं खणखणीत. ऐकलंस? मी नव्हते. मी पूल चढून गेले होते. आत्ता, या खोलीत, सगळ्यांसमोर एक वाक्य बोललं की ती मोकळी होणार होती. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या रिकामी वाटी पदरानं पुसत कॉम्प्युटरकडे बघत होती.

“आत्या,” धाकटी म्हणाली, “तू होतीस म्हणून तर तो इतके दिवस टिकला. नाहीतर पहिल्याच आठवड्यात गेला असता.”

“खरं?”

“खरं. विचार दादाला.”

दादानं मान हलवली आणि म्हणाला, “हो आत्या. खरंच.”

आत्यानं सुस्कारा सोडला, कॉम्प्युटरच्या पत्र्यावर हाताचा पंजा ठेवून पाहिला, “आता गार आहे हो,” असं सांगितलं, आणि काठी टेकत आत गेली.

धाकटीनं कॉम्प्युटर बंद केला. दादा खिडकीशी गेला. त्यानं वर्तमानपत्रावरची एक तोटी उचलली, नखानं त्यावरचा पांढरा थर खरवडला आणि बोट जिभेला लावलं.

“अरे, विष असेल ते!” ती म्हणाली.

“खारट,” दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “खारट आहे गं. इतकी वर्षं घरात होतं, आणि मी एकदा जीभ लावून बघितली नाही.”

तिनं त्याच्या हातातली तोटी काढून घेतली.

“खाऱ्या पाण्यात तांब्याला लागून ॲल्युमिनियम टिकत नाही, आणि अँटेनाच्या त्या तोट्या मी लावल्या. ताप हा शब्द मी शिकवला तिला, पाणी घाल म्हणून मी सांगितलं. आणि शॉर्टकट तुला म्हणत राहिलो.” तो खुर्चीत बसला. “तुझ्यावर ठपका ठेवून मोकळा झालो, हाच मोठा शॉर्टकट मारला मी. चुकलो गं.”

या क्षणासाठी धाकटीनं काय काय जमवून ठेवलं होतं! टोमणे होते, एक मोठं भाषण होतं. त्यातलं काहीही सापडेना. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला, आणि मग तिनं दादाच्या पाठीत एक जोरदार बुक्की घातली. लहानपणी घालायची तशीच. “आईगं,” तो म्हणाला, आणि त्यानंतर दोघांनाही बरं वाटलं.

मग कामाला लागणं भाग होतं. खारं पाणी आत राहू देऊन चालणार नव्हतं. त्यांनी नळ्या सोडवल्या, बरणी रिकामी केली, ठोकळा तीन-तीनदा धुतला. ते करताना दादा मधेच थांबून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं काहीतरी खरडत होता. तिनं चोरून पाहिलं. एक दिवा होता, जरासा पोक काढून टेकलेला. ती मुद्दाम काही बोलली नाही, न जाणो बोललं तर थांबायचा.

सगळं धुऊन झालं. बाटली उचलून पाहिली तर तळाशी घोटभर पाणी उरलेलं. दादानं ती उलटी करून झटकली, झाकण लावलं आणि तिच्यापुढे धरली.

“पाणी तू आण,” तो म्हणाला.

धाकटीनं बाटली घेतली. चपला घालून ती दाराशी पोचली, तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला.

“अगं, बाहेर जातेयस तर येताना मीठही आण गं. होतं ते सगळं त्यालाच संपलं.”